क्योतोत पाच दिवस कसे बसवायचे? एका दिवसाला एक विषय आणि शक्यतो एकच रेल्वे लाईन

ताई, तुमचा प्रश्न वाचला. १९ ते २३ नोव्हेंबर असे पाच दिवस क्योतोत, सोबत मिस्टर, १३ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या सासूबाई ज्यांचे गुडघे दुखतात, चौघंही शाकाहारी, हातात तेवीस ठिकाणांची यादी, आणि रोज एक थीम धरून फिरता येईल का की ते नुसतं ऐकायला छान वाटतं असं तुम्ही विचारलंय. मी चौदा वर्षं कान्साईत, म्हणजे जपानच्या क्योतो-ओसाका भागात, राहतोय आणि त्यातली दहा-अकरा वर्षं आपल्याकडून येणाऱ्या लोकांची क्योतोची आखणी करून देतोय, बऱ्याचदा सोबतही फिरतो, त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

थीम धराच. ती छान वाटते म्हणून धरायची नाही, यादीतली ठिकाणं कापायला एक कारण लागतं म्हणून धरायची. क्योतोत बघण्यासारखं इतकं आहे की कापायला कारण नसेल तर माणूस काहीच सोडत नाही आणि मग त्याच्या लक्षातही काही राहत नाही. सुरुवातीच्या वर्षी माझे आईबाबा आले होते, मी त्यांना एका दिवसात बसने चार मोठी देवळं फिरवली, अगदी घड्याळ लावून, आणि चौथ्या देवळाच्या दारात बाबा बाकावर बसले नि म्हणाले, "अरे, सकाळचंच देऊळ परत दाखवतोयस का?" खूप लागलं मला ते, कारण त्यांचं बरोबर होतं. लाकडी मंडप, रेती, शेवाळ, चपला काढा, चपला घाला. कुठला धागा धरून बघायचं हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी यादीवरून आखणी करत नाही.

आधी हिशोब बघा. बहुतेक देवळं नऊच्या सुमारास उघडतात आणि पाचला बंद होतात, शेवटचा प्रवेश साडेचारला, आणि नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात पाच वाजायच्या आतच सूर्य मावळतो. म्हणजे हातात साडेसात तास. त्यातून जेवणाचा एक तास आणि आजींना टेकायला अर्धा-पाऊण तास काढा, राहिले सहा. एका ठिकाणी नीट बघायला सव्वा तास लागतोच आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला, स्टेशनवरचे जिने-लिफ्ट शोधणं धरून, अर्धा-पाऊण तास. तर झाली तीन ठिकाणं, ताणलं तर साडेतीन. पाच दिवसांची पंधरा. तेवीस बसणारच नाहीत, आणि त्यात तुम्ही नेमक्या मेपलची पानं लाल होण्याच्या, म्हणजे गर्दीच्या, सीझनला येताय.

दुसरं, शहराचा आकार डोक्यात बसवा. क्योतो म्हणजे परात आहे असं समजा, पूर्व, उत्तर, पश्चिम तिन्ही बाजूंना डोंगराची कड आणि दक्षिणेला मोकळं. ७९४ साली राजधानी इथे आणली तेव्हा चीनच्या चांगआनसारखी आडव्या-उभ्या रस्त्यांची चौकट आखली, ती आजही मधल्या भागात दिसते. पण तुमच्या यादीतलं जवळजवळ सगळं कडेला आहे, डोंगराच्या पायथ्याशी. त्यामुळे सकाळी पूर्वेची कड नि दुपारी पश्चिमेची असं केलं की अख्खी परात ओलांडावी लागते, आणि ती बसमधून ओलांडायची म्हणजे नोव्हेंबरात उभं राहून, ट्रॅफिकमध्ये. म्हणून माझा नियम असा की विषय असा निवडायचा जो एकाच कडेला सापडतो आणि जिथे शक्यतो एकाच रेल्वे लाईनवर काम भागतं. बसचा वेगळा एक दिवसाचा पास आता बंद झालाय, मेट्रो आणि बस मिळून ११०० येनचा आहे, पण तुमच्या आखणीत तो फारसा वसूल होणार नाही, सरळ इकोका कार्ड घ्या, पैसे भरून रेल्वे-बसला टेकवायचं. बसचं तिकीट सपाट २३० येन, म्हणजे चौघांचे ९२०, आणि जवळच्या अंतराला टॅक्सी त्याहून फार महाग पडत नाही, तेव्हा आजींसाठी दिवसातून एकदा टॅक्सी करायची हे आधीच ठरवून टाका, त्यात उधळपट्टी अजिबात नाही.

हॉटेल क्योतो स्टेशनजवळ बघताय असं दिसतंय. चालेल, पण मला विचाराल तर कारासुमा ओइके स्टेशनच्या आसपास बघा, तिथे शहराच्या दोन्ही मेट्रो एकमेकींना कापतात, संध्याकाळी जेवायलाही जवळपास भरपूर आहे. आणि मोठ्या बॅगा घेऊन बसमध्ये चढू नका, ओसाकाहून हॉटेलवर कुरियरने पाठवता येतात, ताक्क्यूबिन म्हणतात, हॉटेलच्या काउंटरवरच फॉर्म भरायचा, दुसऱ्या दिवशी पोचतात.

आता दिवस. तुमच्या तारखांमध्ये एक नशीबाची गोष्ट आहे, ती म्हणजे २१ तारीख. म्हणून तिथूनच सुरू करतो.

२१ ला देवांचा दिवस करा. आपल्याकडून निघून चीनमार्गे इथवर आलेले देव. हा दिवस मी आपल्या प्रत्येक माणसाला करायला लावतो आणि यात आजी सगळ्यांच्या पुढे चालतात असा माझा अनुभव आहे, कारण इथे त्यांना ओळखता येणारं बरंच काही असतं. सुरुवात तोजीपासून, क्योतो स्टेशनपासून पंधरा मिनिटं चालत. हे देऊळ ८२३ साली कूकाई नावाच्या भिक्षूकडे सोपवलं गेलं. हा चीनला गेला होता, तिथे प्रज्ञा नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकला, आणि परत येताना मंत्र, मंडलं म्हणजे देवांच्या मांडणीची चित्रं, संस्कृत लिहायची सिद्धम लिपी, सगळं घेऊन आला. ८३५ साली तिसऱ्या महिन्याच्या २१ तारखेला तो वारला, म्हणून दर महिन्याच्या २१ ला त्याच्या नावाने तोजीच्या आवारात बाजार भरतो, कोबो-सान म्हणतात त्याला (कोबो हे कूकाईचं मरणोत्तर नाव), हजाराहून जास्त दुकानं, जुने किमोनो, चिनी मातीची भांडी, लोणची, रोपं, गरम भाजलेलं काहीबाही. थेट आपल्या जत्रेतलं वातावरण. पहाटेपासून सुरू होतो, तुम्ही आठला तिथे पोचा, आणि बाजारात शिरायच्या आधी व्याख्यानमंडपात जा, कोदो म्हणतात.

आत अंधार असतो, डोळे स्थिरावायला मिनिटभर लागतं. मग एका मोठ्या चौथऱ्यावर २१ मूर्ती दिसायला लागतात, मंडलाच्या रचनेत मांडलेल्या, कागदावरचं मंडल जणू उभं केलंय. मधले बुद्ध बघून झाले की दोन टोकांकडे बघा. एका टोकाला चार तोंडांचा देव, चार हंसांवर बसलेला. जपानी नाव बोंतेन, म्हणजे ब्रह्मदेव. दुसऱ्या टोकाला हत्तीवर बसलेला ताइशाकुतेन, म्हणजे इंद्र. मागे एक कोल्हापूरच्या काकू होत्या, त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं, त्या हंसांकडे बघून स्वतःच म्हणाल्या, "अहो हा तर ब्रह्मदेव," आणि पुढची दहा मिनिटं तिथून हलल्या नाहीत. आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळं मुळात किती थोडी, आणि हा इथे हजारेक वर्षं हंसांवर बसून आहे. फोटो काढायला बंदी आहे, ते बरंच आहे, माणसं बघतात तरी. बाहेरचा पाच मजली पॅगोडा सुमारे ५५ मीटर उंच, आताचा १६४४ चा, जपानातला सगळ्यात उंच लाकडी मनोरा. तिथे स्मशानभूमी लागली तर थडग्यांमागे उभ्या लाकडी पट्ट्या दिसतील, सोतोबा म्हणजे स्तूप, त्यांच्यावर वरच्या बाजूला सिद्धम अक्षरं असतात. नागरीची चुलत बहीण म्हणा. मुलीला ती शोधायला सांगा.

तिथून टॅक्सीने सांजूसानगेन्दो, दहाएक मिनिटं. ११६४ साली बांधलेला, आगीनंतर १२६६ साली पुन्हा उभा केलेला १२० मीटर लांब मंडप, आत कान्नोनच्या १००१ मूर्ती, कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व. सगळे लोक या हजार मूर्तींची रांग बघून थक्क होतात आणि चालत सुटतात, तुम्ही मात्र त्यांच्या पुढच्या ओळीतल्या २८ रक्षक देवांसाठी थांबा. कारुरा म्हणजे गरुड, चोच आहे आणि बासरी वाजवतोय. आशुरा, नंद नाग, इंद्र, ब्रह्मदेव सगळे आहेत, आणि दोन टोकांना वारा आणि वीज, वाऱ्याच्या खांद्यावर हवेची पिशवी, विजेभोवती ढोलांचं कडं. आणि एक मावारा-न्यो नावाची म्हातारी आहे, हात जोडून उभी, गालफडं बसलेली, डोळ्यात स्फटिक बसवलाय त्यामुळे उजेड पडला की ती तुमच्याकडे बघतेय असं वाटतं. माझं या अख्ख्या शहरात सगळ्यात आवडतं शिल्प कुठलं विचारलं तर ही म्हातारी. चपला काढाव्या लागतात आणि लाकडी जमीन नोव्हेंबरात गार पडते, आजींना जाड मोजे घाला, सगळ्याच दिवशी.

संध्याकाळ गिओनला, शिचिजोहून केइहान रेल्वेने दोन स्टेशनं. गिओन हे नावसुद्धा आपल्याकडचंच आहे बरं का, बुद्ध जिथे राहायचे त्या श्रावस्तीच्या जेतवनाचं जपानी नाव गिओन-शोजा, त्यावरून. यासाका देवस्थानाजवळ कामेया कियोनागा नावाचं मिठाईचं दुकान आहे, १६१७ पासूनचं, तिथे सेइजो कान्किदान नावाचा एक पदार्थ मिळतो. हा कांगितेन या देवाचा नैवेद्य, आणि कांगितेन म्हणजे गणपती. आकार बघा, पुरचुंडीसारखा, वर आठ चुण्या ओढून बांधलेल्या, आत लाल घेवड्यासारख्या अझुकीचं गोड पुरण, त्यात सात प्रकारची सुगंधी द्रव्यं, आणि तिळाच्या तेलात तळलेला. कवच एवढं कडक की पहिला घास दाढेनेच फोडावा लागतो, आणि फुटला की आधी तोंडात देवघरातल्या उदबत्तीचा वास येतो, गोडवा मागाहून. तळणीच्या मोदकाची आठवण न येणारा मराठी माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. कांगितेनची मूर्ती देवळांत सहसा दाखवत नाहीत, झाकूनच ठेवतात, त्यामुळे गणपतीची भेट इथे अशीच, नैवेद्यातून. दुकानाची सुट्टी बघून जा आणि एकच घेऊन चौघांत वाटा, जड असतो.

गिओनमधल्या खाजगी गल्ल्यांमध्ये पर्यटकांना बंदी आहे, १०,००० येन दंडाच्या पाट्या आहेत, त्या पाळा. गेइशा शोधत फिरणं ही थीम मी कोणाला करून देत नाही, त्या बायका कामावर निघालेल्या असतात.

(कधी जुलैत आलात तर याच भागात ८६९ पासूनचा गिओन उत्सव असतो, १७ आणि २४ जुलैला रथांची मिरवणूक, आणि त्या रथांवर जे जुने गालिचे लावतात त्यातले काही आपल्या दख्खनमध्ये विणलेले आहेत, डच कंपनीच्या जहाजांतून आलेले. आपल्याकडे तसले गालिचे आता शोधून सापडणं मुश्किल, आणि इथल्या गल्लीकरांनी ते पिढ्यानपिढ्या घडी घालून जपलेत.)

१९ ला, म्हणजे पहिल्या दिवशी, पाण्याचा दिवस ठेवा, कारण मेट्रोने थेट जाता येतं आणि चालणं बहुतेक सपाट आहे. तोझाई लाईन, केआगे स्टेशन. याची गोष्ट आधी मुलीला सांगा, तिला आवडेल. १८६९ मध्ये सम्राट तोक्योला गेला आणि अकराशे वर्षांची राजधानी एकाएकी पोरकी झाली, लोक निघून जायला लागले, कारागिरांचं गिऱ्हाईक गेलं. तेव्हा इथल्या राज्यपालांनी, कितागाकी कुनिमिची त्यांचं नाव, डोंगराच्या पलीकडच्या बिवा तलावाचं पाणी बोगद्यातून शहरात आणायचं ठरवलं, आणि काम दिलं तानाबे साकुरो नावाच्या नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या इंजिनियरला, ज्याने पदवीचा प्रबंधच या कालव्यावर लिहिला होता. १८८५ ला सुरुवात, १८९० ला पूर्ण. पहिलाच बोगदा २४३६ मीटर. मधेच तानाबे अमेरिकेला जाऊन पाण्यावर चालणारी वीज बघून आला आणि पाणचक्क्यांचा बेत बदलून वीजकेंद्र काढलं, १८९१ मध्ये, आणि त्या विजेवर १८९५ मध्ये जपानची पहिली इलेक्ट्रिक ट्राम याच शहरात धावली. आपण क्योतोला जुनं जुनं म्हणून बघायला येतो, पण हे शहर जगलं ते या कालव्यामुळे, आणि आजही नळाला येतं ते पाणी याच तलावाचं. हे कळल्याशिवाय क्योतो अर्धंच कळतं असं माझं ठाम मत आहे.

स्टेशनबाहेर आलात की एक छोटा विटांचा बोगदा लागतो, त्यातल्या विटा आत जाताना पिळल्यासारख्या तिरक्या लावल्यात, वरच्या उतारावरून बोटींचं वजन जायचं म्हणून. त्या उतारावर रूळ आहेत, ५८२ मीटर, बोटी गाड्यावर चढवून वर-खाली नेत. मग चालत नानझेन-जी. देवळाच्या आवारातच विटांच्या कमानींचा पूल आहे, सुइरोकाकू, १८८८ चा, सगळे खाली उभे राहून कमानीत फोटो काढतात आणि जातात. तुम्ही बाजूच्या चढाने वर जा, जेमतेम दोन मिनिटं, आणि कमानींच्या माथ्यावर बघा. पाणी वाहतंय. अजूनही, भरभर, आवाज न करता. आजींना चढ नको असेल तर त्या खाली बाकावर बसतील, पण मुलीला वर न्याच. तिथून मुरिन-आन ही बाग, यामागाता आरितोमो या बड्या राजकारण्याची, ओगावा जिहेइ या माळ्याने केलेली, आणि त्या बागेतला ओढाही कालव्याच्याच पाण्याचा. वेळ उरला तर तत्त्वज्ञाची वाट, दोनेक किलोमीटर, तीही कालव्याच्या काठानेच जाते, पण पूर्ण चाललीच पाहिजे असं काही नाही, अर्धी चालून परत फिरा.

जेवण इथे युदोफू, गरम पाण्यातलं तोफू. आणि आता शाकाहाराचं नीट सांगतो, कारण इथेच सगळे फसतात. तोफू शाकाहारी, पण सोबतची वाटी आणि सूप बहुतेक वेळा दाशीचं असतं, आणि दाशी म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क. "मांस नको" म्हटलं तर ते मनापासून हो म्हणतील आणि मासा घालतील, त्यांच्या हिशोबाने ते मांस नाहीच. म्हणून "मांस नाही, मासा नाही, माशाची दाशीपण नाही, कोंबूची दाशी चालेल" असं जपानीत छापलेलं कार्ड ठेवा, बोलण्यावर विसंबू नका. निर्धास्त खायचं तर शोजिन र्योरी, मठातलं जेवण, त्यात दाशी कोंबू या समुद्री वनस्पतीची आणि सुकवलेल्या मशरूमची असते. दुकानातल्या ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या मुटक्यांतही, आतल्या पुरणात माशाचा अर्क असू शकतो, नुसत्या मिठाची मिळाली तर घ्या. आणि मेतकुटाची पुडी न्या, गरम पांढरा भात कुठेही मिळतो, आजींचा दिवस त्यावर निघतो हे मी कितीदा पाहिलंय.

२० तारखेला जेआर नारा लाईन, आणि विषय चहा. सकाळी सातला फुशिमी इनारी, ते चहात बसत नाही हे मान्य, पण त्याच लाईनवर आहे, तिकीट नाही, चोवीस तास उघडं असतं, आणि यादीतून काढा म्हटलं तर मुलगी ऐकणार नाही. डोंगर २३३ मीटरचाच आहे पण पायऱ्या गुडघ्यांना परवडणार नाहीत, लाल कमानींची दाट रांग संपते तिथल्या छोट्या देवळापर्यंत जा आणि वळा. परत येताना कमानींच्या मागच्या बाजू दिसतात, त्यांवर अर्पण करणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरलेली असते, आपल्या देवळांतल्या फरशांवर असते तशी. नऊ वाजायच्या आत तिथून निघा.

मग लोकलच पकडा, जलद गाडी ओबाकूला थांबत नाही. ओबाकू स्टेशनपासून पाच मिनिटांवर मानपुकु-जी, १६६१ साली इनगेन नावाच्या चिनी भिक्षूने स्थापलेला मठ. दारातून आत आलात की हे जपान नाही असं वाटेल, सगळं मिंग काळच्या चिनी धाटणीचं. भोजनगृहाच्या बाहेर एक भलामोठा लाकडी मासा टांगलाय, जेवायची वेळ झाली की तो बडवतात, आणि इतकी वर्षं एकाच जागी मार खाऊन त्याच्या पोटाला खड्डा पडलाय, तो जवळ जाऊन बघा. इथे फुचा र्योरी मिळतं, पूर्ण शाकाहारी चिनी-जपानी मठाचं जेवण, आणि ते मुळात चौघांनी एका टेबलाभोवती बसून मोठ्या ताटांतून वाढून घ्यायचं असतं. तुम्ही चौघंच आहात. आधी बुकिंग करावं लागतं, हॉटेलला सांगून करून घ्या, आताच.

जेवून पुढे उजी, चहासाठी प्रसिद्ध गाव. तिथल्या ब्योदो-इन देवळाचा फिनिक्स मंडप १०५३ चा, फुजिवारा योरिमिची या बड्या दरबारी माणसाचा. ओनिनच्या लढाईत, १४६७ ते ७७, क्योतो शहर जळून गेलं त्यामुळे तिथे इतकं जुनं फार थोडं राहिलंय, उजी बाहेर आहे म्हणून वाचलं. मुलीच्या हातात दहा येनचं नाणं द्या आणि तळ्यापलीकडे उभं करा, नाण्यावर हाच मंडप आहे. मंडपाच्या आत जायचं तिकीट वेगळं आणि ठराविक संख्येचं, त्या आठवड्यात दुपारपर्यंत संपू शकतं, नाही मिळालं तर हळहळू नका, तिथल्या संग्रहालयात ढगांवर बसून वाद्यं वाजवणारे छोटे बोधिसत्त्व अगदी नाकासमोर बघायला मिळतात. नदीपलीकडे उजिगामी, जपानातलं सगळ्यात जुनं उभं असलेलं जिंजा, म्हणजे शिंतो देवस्थान, लाकूड सुमारे १०६० चं निघालंय. आणि मग चहा. माच्चा म्हणजे हिरव्या चहाची पूड, तिच्यासाठीचा चहा तोडणीआधी तीनेक आठवडे झाकून ठेवतात, ऊन कमी मिळालं की पान जास्त हिरवं होतं आणि तुरटपणा कमी होतो, मग वाफवून, वाळवून, शिरा काढून दगडी जात्यावर दळतात, आणि जातं फार हळू फिरवावं लागतं कारण तापलं की वास उडतो. तासाला जेमतेम ४० ग्रॅम निघतो. हे ऐकल्यावर डब्याची किंमत महाग वाटत नाही. हल्ली मागणी इतकी वाढलीय की काही दुकानं माणशी एकच डबा देतात, तेव्हा नातेवाईकांना आधी कबूल करून ठेवू नका.

२२ ला रेशीम आणि सोनं. यादीत किन्काकू-जी, म्हणजे सोन्याने मढवलेला मंडप, आहे आणि ते तुम्ही सोडणार नाही हे मला माहितीय, फक्त थेट तिकडे जाऊ नका. आधी मेट्रोच्या कारासुमा लाईनने इमादेगावा, तिथून दहा मिनिटं चालत निशिजिनचं विणकाम केंद्र. निशिजिन म्हणजे पश्चिमेची छावणी, त्याच ओनिनच्या लढाईत पश्चिमेकडच्या सैन्याचा तळ इथे होता, लढाई संपल्यावर विणकर परत येऊन इथे बसले आणि नाव चिकटलं. १८७२ मध्ये इथल्या माणसांना फ्रान्समध्ये ल्योंला पाठवून नक्षी विणणारे जॅकार्ड माग शिकून घेतले. पण मला तुम्हाला दाखवायचंय ते त्याआधीचं, त्सुझुरे-ओरी. यात बाण्याचा धागा आडवा सरळ जात नाही, जिथे जो रंग हवा तिथपर्यंतच छोट्या कांडीने नेतात आणि परत फिरवतात. ओळखीचं वाटतंय? आपल्या पैठणीचा पदर असाच विणतात. मी येवल्यात तो तासन्‌तास बघितलाय, आणि इथे पहिल्यांदा एका विणकर बाईंचे हात बघितले तेव्हा मांडणी तीच पण एक गोष्ट वेगळी दिसली, त्यांची नखं. कानशीने घासून नखांना करवतीसारखे दाते पाडलेले, आणि त्या दात्यांनी त्या बाणा खाली ओढून घट्ट बसवत होत्या, मधेच कांडी, परत नखं. बारीक नक्षी असली तर दिवसभरात जेमतेम थोडंसं कापड पुढे सरकतं. प्रात्यक्षिक कुठल्या दिवशी कशाचं असतं ते आधी विचारून जा.

आता सोनं. आपली जरी म्हणजे तारेची, चांदीवर सोन्याचा मुलामा. यांची वेगळी, वाशी या जपानी कागदावर सोन्याचा वर्ख चिकटवतात, कागद केसासारख्या पट्ट्यांत कापतात आणि ती चपटी पट्टी विणताना बांबूच्या आकड्याने एकेक आत ओढतात. अंगावरचं कापड चमकतं ते कागदाने. पैठणी नेसलेल्या आजींना हे दाखवा आणि त्यांचं मत ऐका. मग तिथून इमादेगावा रस्त्याने कितानो तेनमानगू, वीसेक मिनिटं चालत किंवा टॅक्सी, आत हिदेयोशी या तेव्हाच्या सत्ताधीशाने १५९१ साली उभारलेल्या मातीच्या तटबंदीवर मेपलची बाग आहे, नोव्हेंबरात उघडी असते. आणि मग शेवटी किन्काकू-जी. १३९७ मध्ये योशिमित्सू या शोगुनने, म्हणजे लष्करी राज्यकर्त्याने, सुरू केलेलं, १९५० मध्ये एका तरुण भिक्षूने जाळलं, १९५५ मध्ये परत बांधलं, आणि १९८७ पर्यंत नव्याने वर्ख चढवला, नेहमीपेक्षा जाड, सुमारे २० किलो सोनं लागलं. सकाळी वर्खाचा धागा बोटात धरलेला असला की संध्याकाळी तो मंडप वेगळा दिसतो, हे मी खात्रीने सांगतो. तिथून हॉटेलवर टॅक्सी, त्या वेळच्या बसमध्ये आजींना चढवू नका.

२३ ला जपानात सुट्टी असते आणि पानांचा भर, त्या दिवशी पश्चिमेचं आराशियामा आणि पूर्वेचं कियोमिझू देऊळ दोन्हीकडे पाऊल ठेवायला जागा नसते, म्हणून दोन्ही यादीतून काढा. आराशियामाचं बांबूचं बन सकाळी साडेसहाला सुंदर आहे, दहाला फक्त माणसं. सगळ्यांना जायचंच असेल तर १९ ते २२ मधल्या एका पहाटे तुम्ही नि मुलगी जाऊन या, आजींना झोपू द्या.

२३ मी मोकळा ठेवलाय. पाचव्या दिवसापर्यंत घरातल्या प्रत्येकाला काहीतरी परत बघावंसं वाटत असतं, कोणाला बाजारात राहिलेलं भांडं, कोणाला ती हात जोडलेली म्हातारी, तो दिवस त्यासाठी. काहीच नाही सुचलं तर राजवाड्याभोवतीचं मोठं उद्यान, ग्योएन, इमादेगावालाच उतरायचं, सपाट आहे, फुकट आहे, पिवळेधमक गिंको असतात, आणि भरपूर बाकं.

आज करायच्या गोष्टी तीनच: मानपुकु-जीचं जेवण, जपानी कार्ड, आणि कारासुमा ओइकेचं हॉटेल. कार्डाचा मजकूर हवा असेल तर सांगा, मी लिहून देतो. कोणाला कांदा-लसूण चालत नसेल तर तेही कळवा, त्याच्या ओळी वेगळ्या घालाव्या लागतात.